पट्टा कुठे अडला?

साखर कारखान्याची गव्हाण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. उसाच्या मोळ्या तिच्यात पडतात, खालची साखळी त्या पुढे ओढत नेते, सुऱ्या उसाचे तुकडे करतात आणि मग तो चरकात जातो. आता अशी कल्पना करा, की ही गव्हाण एकाएकी थांबली. उसाने ती गच्च भरलेली आहे, पण हलत नाही. बाहेर गाड्यांची रांग वाढते आहे. रांगेतला गाडीवान काय म्हणेल? "गव्हाण बिघडली." पण गव्हाण बिघडलेलीच असेल असे नाही. पुढे चरकात काही अडकले असेल, वाफ कमी पडली असेल. दुसऱ्या दिवशी उलट प्रकार घडतो. गव्हाण फिरते आहे, पण रिकामी. आता दोष पुढे नाही, मागे आहे. फडात तोड झालेली नाही, किंवा वाटेत चिखलात गाड्या रुतल्या आहेत. काम थांबलेले दिसते एके ठिकाणी आणि कारण असते दुसरीकडे.

नेमक्या याच गोष्टीवर बेतलेले काही खेळ अलीकडे संगणकावर आले आहेत. त्यांतल्या एका खेळाची ओळख करून घ्यावी आणि तो खेळणारी माणसे त्याबद्दल जे बोलतात ते कसे ऐकावे, याचा थोडा विचार करावा, असा आजचा बेत आहे.

तुम्ही म्हणाल, पोरे आधीच मोबाईलला चिकटून बसतात, त्यात आणखी खेळाचे कौतुक कशाला? कौतुक करायचे नाही. पण एवढे पाहा. खेळ करणारा एकीकडे असतो, खेळणारा दुसरीकडे. खेळणाऱ्याला काही कळले नाही, की तो एक वाक्य बोलतो: "यात काही मजा नाही." वर्गातही हेच घडते. शिकवणारा एकीकडे, शिकणारा दुसरीकडे, आणि मधे एकच वाक्य: "मला येत नाही, गुरुजी." या वाक्यातून खरे कारण कसे शोधायचे, हे खेळ करणाऱ्यांना रोज शिकावे लागते. ते आपल्याही उपयोगाचे आहे.

खेळाचे नाव 'शेप्झ डॉट आयओ'. टोबियास श्प्रिंगर या जर्मन तरुणाने तो २०२० साली लोकांपुढे ठेवला. इंटरनेटवरची पाने ज्यात उघडतात त्या ब्राउझरमध्येच तो खेळता येई. वेगळे काही संगणकात भरून घ्यावे लागत नसे. खेळात शत्रू नाही, मारामारी नाही, की घड्याळ मागे लागलेले नाही. समोर एक मोठे मैदान असते. त्यावर चौकटी आखलेल्या. मैदानात काही ठिकाणी आकारांच्या खाणी आहेत: कुठे वर्तुळे, कुठे चौकोन, कुठे चांदण्या. मधोमध एक केंद्र आहे, आणि ते तुमच्याकडे मागणी करते: मला इतकी वर्तुळे हवीत. तुम्ही खाणीवर यंत्र बसवायचे, तिथून केंद्रापर्यंत सरकता पट्टा टाकायचा, आणि आकार एकामागून एक मुंग्यांसारखे चालत केंद्रात जाताना पाहायचे.

पहिली मागणी पुरी झाली की दुसरी येते: आता अर्धे वर्तुळ द्या. त्यासाठी कापणारे यंत्र मिळते. पुढे आकार फिरवणारे यंत्र येते, रंग देणारे येते, एकावर दुसरा आकार चढवणारे येते. प्रत्येक आकाराचे चार पाव भाग असतात आणि असे चार थर एकावर एक रचता येतात. म्हणजे साध्या वर्तुळापासून सुरुवात करून तुम्ही असे काही आकार करू लागता, की त्यांच्यासाठी वीस-वीस पट्टे एकमेकांखालून-वरून न्यावे लागतात. हे सगळे कोडेच आहे, पण त्याचे उत्तर एकच नसते. ज्याचा त्याचा कारखाना वेगळा.

आता या खेळातली एक जागा लक्षपूर्वक पाहू, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. केंद्राने अर्धे वर्तुळ मागितले. कापणारे यंत्र वर्तुळ वरपासून खालपर्यंत कापते आणि त्याचे दोन्ही अर्धे भाग दोन तोंडांतून बाहेर टाकते. आपल्याला हवा असतो एकच अर्धा. नवखा माणूस काय करतो? हव्या असलेल्या अर्ध्याला पट्टा जोडतो आणि दुसऱ्या तोंडाकडे बघतही नाही. यंत्र एकदा चालते, माल पुढे जातो, आणि मग सगळे बंद. का? नको असलेला अर्धा दुसऱ्या तोंडात बसून राहिला आहे. त्याला जायला जागा नाही. तो हलत नाही तोवर यंत्र नवे वर्तुळ कापीत नाही. यंत्र थांबले की मागचा पट्टा भरतो आणि खाणीपर्यंत रांग लागते. खेळणाऱ्याला काय दिसते? हवा असलेला अर्धा जिथून यायला हवा तिथून तो येत नाही. तो त्याच पट्ट्याकडे पाहत बसतो, उकरून पुन्हा टाकतो, दुसऱ्या वाटेने नेतो. तिथे काहीच बिघडलेले नसते. बिघडले आहे शेजारच्या तोंडाशी, जिकडे त्याची नजरच नाही.

उपाय अगदी सोपा आहे. नको असलेला अर्धा कचराकुंडीत सोडायचा. गंमत अशी, की ही कचराकुंडी खेळात कापणाऱ्या यंत्राबरोबरच हातात येते. त्या यंत्राच्या माहितीत स्पष्ट बजावलेलेही आहे, की एकच भाग वापरणार असाल तर दुसरा नष्ट करा, नाहीतर यंत्र अडेल. म्हणजे साधन दिले आहे, सूचना दिली आहे. तरीही माणूस अडू शकतो. कारण सूचना वाचताना त्याला अडचण आलेली नसते, आणि अडचण आली तेव्हा सूचना आठवत नाही.

शिक्षकमंडळी, ही जागा तुमच्या ओळखीची आहे ना? "मी हे फळ्यावर लिहून दिलं होतं." हो, दिलेच होते. पण मुलाला त्याची गरज नंतर पडली.

आता असा अडलेला माणूस खेळ करणाऱ्याला काय कळवील? चार माणसे कल्पू या.

पहिला लिहितो, "खेळ भंगार आहे." दुसरा लिहितो, "खेळ झकास आहे." या दोघांचा भाव कळतो, पण करणाऱ्याला त्यावरून हात कुठे घालावा ते कळत नाही. पहिल्याने शिवी दिली म्हणून रागवू नये आणि दुसऱ्याने पाठ थोपटली म्हणून फुगू नये.

तिसरा लिहितो, "कापणाऱ्या यंत्राला एकच तोंड ठेवा." हा शहाणा दिसतो. त्याने उपायच सांगितला. पण जरा थांबा. पुढे याच खेळात दोन्ही अर्धे भाग लागतात. डावा अर्धा एका कामाला, उजवा दुसऱ्या कामाला. एकच तोंड ठेवले तर आजची अडचण मिटेल आणि उद्याचा खेळ मोडेल. रोगी वैद्याकडे येऊन म्हणतो, "मला ते लाल औषध द्या." वैद्य त्याला वेडा म्हणत नाही, आणि मुकाट्याने लाल औषधही देत नाही. तो विचारतो, "दुखतं कुठं? केव्हापासून?" उपाय सुचवणाऱ्याच्या मागे एक खरे दुखणे असते. ते शोधायचे.

चौथा लिहितो, "अर्धे वर्तुळ हवे होते. मी खाणीपासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून केंद्रापर्यंत पट्टा टाकला. मला वाटले, आता अर्धे भाग येत राहतील. एकच आला आणि मग सारे थांबले. का थांबले ते पडद्यावर कुठे दिसले नाही." याने ना स्तुती केली, ना निंदा, ना उपाय सांगितला. पण याचे पत्र सोन्यासारखे आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: मी काय करीत होतो, मला काय होईल असे वाटले, आणि प्रत्यक्षात काय झाले. या तीन गोष्टी कळल्या, की करणारा त्या माणसाच्या जागी बसून तोच पट्टा पुन्हा टाकू शकतो आणि अडलेल्या जागेपर्यंत चालत जाऊ शकतो.

ही तीन उत्तरे मनात धरून ठेवा. विजेची तक्रार असो, नळाची असो, की सरकारी कचेरीतल्या अर्जाची, जिथे तक्रार ऐकणाऱ्याला कारण शोधायचे आहे तिथे ही तीन उत्तरे कामी येतात. "पाणी येत नाही" यापेक्षा "सकाळी सहाला तोटी सोडली, रोज अर्धा तास पाणी येतं, आज पाच मिनिटं आलं आणि शेजारी मात्र चालू होतं" हे ऐकले, तर पाणी सोडणारा माणूस सरळ योग्य ठिकाणी जातो. टाकीवर जायचे की तुमच्या गल्लीतल्या व्हॉल्व्हवर, हे त्याला आधीच कळते.

पण चारही माणसे निदान बोलली तरी. पाचवा माणूस बोलतच नाही. तो दोन मिनिटे अडतो, कंटाळतो, पान बंद करतो आणि निघून जातो. ब्राउझरमधल्या खेळात तर हे फार सोपे असते. पैसे दिलेले नसतात, काही भरून घेतलेले नसते; एक बोट दाबले की सुटका. खेळ करणाऱ्याकडे जी पत्रे येतात ती बहुधा टिकून राहिलेल्यांची. मुरलेले खेळाडू लिहितात: पट्टे आणखी वेगवान करा, कोडी आणखी अवघड करा. त्यांचे म्हणणे खोटे नसते. पण केवळ त्यांचेच ऐकत गेले, तर खेळ दिवसेंदिवस मुरलेल्यांचा होतो आणि दारातून आत येणाऱ्याला उंबरठा चढवत नाही.

वर्गातही हात वर करणारी पाच-सहा मुले ठरलेली असतात. "समजलं का?" म्हणून विचारले की "हो" तीच म्हणतात. शेवटच्या बाकावरचे मूल गप्प. त्याने अजून शाळा सोडलेली नाही, एवढेच. मनाने ते केव्हाच पान बंद करून गेलेले असते. पुढे हजेरीपटावर त्याची गैरहजेरी दिसू लागते तेव्हा आपण म्हणतो, घरचे लक्ष देत नाहीत. कधी ते खरेही असते. पण कधी पट्टा तिसरीतल्या एखाद्या धड्याशी अडलेला असतो आणि ते कुणी पाहिलेलेच नसते.

मग गप्प राहणाऱ्याचे म्हणणे ऐकायचे कसे? खेळ करणाऱ्यांनी यावर एक साधी रीत बसवली आहे. ज्याने खेळ कधी पाहिला नाही अशा माणसाला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "खेळ, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." करणाऱ्याने मागे बसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. हे तोंड बंद ठेवणे सर्वांत कठीण! समोरचा चुकीच्या जागी पट्टा टाकतो आणि आपली जीभ वळवळते, "अरे, तिकडं नाही, इकडं!" पण एकदा सांगितले, की तो का चुकला ते आपल्याला कधीच कळणार नाही. घरोघरी खेळणाऱ्यांच्या मागे आपण उभे राहणार नाही. तेव्हा इथेही नाही असेच वागायचे.

यासाठी शेकडो माणसे लागत नाहीत. संगणकाच्या वापरातल्या अडचणींचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले, की पाच माणसे नीट पाहिली तरी बहुतेक मोठ्या अडचणी हाती लागतात. सहाव्या माणसापासून त्याच त्या गोष्टी पुन्हा दिसू लागतात. तेव्हा पाच पाहावीत, दुरुस्ती करावी, आणि मग नवी पाच पाहावीत. गुरुजींना साठ वह्या एका रात्रीत तपासणे जमत नाही. पण पाच मुलांना एकेक करून जवळ बसवून, "हे गणित कर आणि करताना बोलत जा," म्हणणे आठवड्यात जमण्यासारखे आहे.

यंत्राच्या जगात ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाला सुचली होती. आपल्या इचलकरंजीच्या, मालेगावच्या मंडळींना ती चटकन कळेल. माग चालू असताना सूत तुटले आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, तर माग चालतच राहतो आणि हातभर कापड खराब होते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग पुरा केला, की सूत तुटले की माग आपोआप थांबे. दोष जिथे झाला तिथेच काम थांबले आणि दोष दिसला. पुढे त्यांच्या घराण्याने मोटारी काढल्या. त्या टोयोटा कारखान्यात मोटारींच्या रांगेवर काम करणाऱ्या साध्या कामगारालाही, काही चुकते आहे असे वाटले तर दोरी ओढून मदत मागण्याची आणि प्रसंगी रांग थांबवण्याची मुभा देण्यात आली. मोठ्या साहेबाची परवानगी लागत नाही. दोरी ओढली म्हणून कामगाराला कुणी बोल लावला, तर उद्या तो ओढणार नाही, आणि दोष पुढे सरकत जाईल. वर्गात "मला कळलं नाही" असे म्हणणारे मूल ही दोरीच ओढत असते. त्याला हसलात, की दोरी कापली समजा.

आता खेळ करणाऱ्याने ऐकल्यावर काय करायचे? आपल्याकडे म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. लोक ती थोडी हटवादीपणासाठी वापरतात, पण तिच्यातला पहिला शब्द 'ऐकावे' असा आहे. दुखणे लोकांचे ऐकावे, औषध आपण ठरवावे. याची दोन-तीन उदाहरणे सांगतो.

याच शेप्झचा दुसरा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये विक्रीला आला. त्यात दोन्ही भाग देणारे कापणारे यंत्र तर आहेच. पण त्याशिवाय आकाराचा एक अर्धा नष्ट करून दुसराच तेवढा पुढे देणारे एक वेगळे, साधे यंत्र आहे, आणि ते नवख्याच्या हाती सुरुवातीलाच येते. नको असलेल्या अर्ध्याचे काय करायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडत नाही. हात बसल्यावर पडतो. मघाच्या तिसऱ्या माणसाने म्हटल्याप्रमाणे जुने यंत्र मोडलेले नाही, आणि चौथ्याची अडचण मात्र दूर झाली आहे. धड्यांचा क्रम लावणाऱ्यांनी यावर विचार करावा. अवघड गोष्ट काढून न टाकता ती कधी समोर आणायची, हे ठरवता येते.

दुसरे उदाहरण पट्ट्यांच्याच एका थोरल्या खेळाचे. 'फॅक्टोरिओ' त्याचे नाव. प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअर या मंडळीने तो केला. शेप्झच्या आधीचा हा खेळ, आणि शेप्झवर त्याची छाया आहे. २०१३ सालापासून तो अपुऱ्या अवस्थेतच लोकांना खेळायला दिला होता आणि पुरा झाला १४ ऑगस्ट २०२० रोजी. मधली सात वर्षे खेळणारे दोष कळवीत होते आणि करणारे दर शुक्रवारी, आम्ही काय बदलतो आहोत आणि का, हे लिहून सांगत होते. त्यात पूर्वी सर्वांत साध्या पट्ट्यावरून सेकंदाला सुमारे १३.३ वस्तू जात. माणूस कागदावर कारखान्याचा हिशेब मांडू लागला, की हा आकडा दातात खडा आल्यासारखा लागे. २०१९ सालच्या आवृत्तीत तो बदलून १५ झाला. वरचे पट्टे ३० आणि ४५. आता तोंडी हिशेब करता येतो. बदल लहान, पण रोज लाखो वेळा टोचणारा खडा निघाला. आणि बदल केला की का केला ते सांगायचे, ही रीतही घेण्यासारखी आहे. ज्याने तोंड उघडून सांगितले त्याला, त्याचे ऐकले गेले की नाही, हे कळले पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तो बोलत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. जून २०२१ मध्ये शेप्झच्या विकत मिळणाऱ्या आवृत्तीला एक जोड आली. तिच्यात खेळणाऱ्यांनीच कोडी तयार करायची आणि इतरांनी ती सोडवायची. पण कोडे घालणाऱ्यावर एक अट आहे. स्वतः पट्टे टाकून ते कोडे सोडवून दाखवायचे. मगच ते बाहेर जाते. आपल्याला न सुटणारे कोडे दुसऱ्याच्या माथी मारायला मनाई! परीक्षेचा पेपर काढणाऱ्यांनी, आपला पेपर आपणच घड्याळ लावून एकदा सोडवायचा, असा नियम केला तर किती मुलांचे आशीर्वाद मिळतील? शेवटच्या प्रश्नाला वेळ पुरत नाही, दोन प्रश्नांचा अर्थ एकच होतो, एका गणितात आकडाच चुकला आहे, हे सारे मुलांच्या आधी आपल्याला दिसेल.

आता वर्गात येऊ. दोन मुले आहेत आणि दोघेही म्हणतात, "भागाकार येत नाही." नेहमीची रीत काय? भागाकाराची आणखी दहा गणिते घालायची. पण हे भरून थांबलेल्या पट्ट्यावर आणखी माल टाकण्यासारखे आहे. आधी चालत जाऊन पाहू, अडले कुठे?

पहिल्या मुलीला दिले ६१२ भागिले ६. तिने लिहिले १२. बोलत बोलत करायला सांगितले. ती म्हणते, "सहा एके सहा. मग एक उरला, त्यात सहा जात नाही, म्हणून पुढचा दोन घेतला. बारा. सहा दुणे बारा." पाढा बरोबर, रीत बरोबर. एक गोष्ट राहिली: सहा जात नाही तिथे शून्य लिहायचे. उत्तर १०२. तिचा पट्टा भागाकारात अडलेला नाही. स्थानिक किमतीत अडला आहे. रिकाम्या जागेलाही जागा ठेवावी लागते, हे तिला कुणी दाखवलेले नाही.

दुसऱ्या मुलाला दिले ८६४ भागिले १२. त्याचे उत्तर ७३, बाकी ८. तोही बोलत करतो: "बारा साते ब्याऐंशी..." बस्स, सापडले. बारा साते चौऱ्याऐंशी. पाढ्यातला एक आकडा चुकला. भागाकार त्याला उत्तम येतो. पाढा बरोबर असता तर ७२ आले असते.

दोघांचे वाक्य एकच होते, आणि कारणे दोन. दोघांनाही भागाकाराची दहा गणिते घातली असती, तर दोघांचीही दहाच्या दहा चुकण्याचा संभव होता. आणि दहा चुका झालेल्या वहीवर आपण जो शेरा मारतो, तो मूल जन्मभर विसरत नाही.

यासाठी संगणक हवा असे नाही. ज्यांच्या शाळेत तो नाही त्यांनी हा खेळ कागदावर खेळून पाहावा. पाच मुलांना एका रांगेत बसवा. पहिल्याने वाटी ठेवून कागदावर वर्तुळ काढायचे. दुसऱ्याने ते कात्रीने कापून काढायचे. तिसऱ्याने उभे दुमडून मधोमध कापायचे. चौथ्याने डाव्या अर्ध्याला लाल रंग द्यायचा. पाचव्याने तो वहीत डकवायचा. प्रत्येकाने हातातला तुकडा पुरा झाला की पुढे सरकवायचा, आणि दोघांच्या मधे तीनपेक्षा जास्त तुकडे साठवायचे नाहीत. तीन झाले की मागच्याने हात बांधून बसायचे. दहा मिनिटे चालू द्या. बाकीच्या वर्गाने फक्त पाहायचे.

थोड्याच वेळात कुणीतरी ओरडेल, "गुरुजी, गण्या नुसता बसलाय!" तेव्हा लगेच काही बोलू नका. वर्गाला विचारा: गण्या का बसला? त्याच्या पुढे ढीग आहे की त्याच्याकडे यायला मालच नाही? पुढे ढीग असेल तर पुढे जाऊन पाहा, हात रिकामे असतील तर मागे जाऊन पाहा. बहुधा असे दिसेल, की रंग वाळायला वेळ लागतो म्हणून सारी रांग थांबली आहे आणि बोलणी मात्र गण्याला बसली. आणखी एक गोष्ट हळूच पाहा: उजव्या अर्ध्याचे काय करायचे, ते मी वर सांगितलेलेच नाही. तिसरा मुलगा ते तुकडे कुठे ठेवतो? त्याच्याभोवती कसा पसारा होतो? मुलांनाच उपाय शोधू द्या. कुणी टोपली आणील. कुणी म्हणेल, उजव्यांना निळा रंग देऊन दुसरी रांग सुरू करू.

खेळ संपला की पाचही मुलांना तेच तीन प्रश्न विचारा. तू काय करीत होतास? काय होईल असं तुला वाटलं होतं? झालं काय? उत्तरे फळ्यावर लिहा आणि त्यांवरून रांगेत एकच बदल करा. एकदम चार नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मग पुन्हा दहा मिनिटे खेळा आणि वहीत किती अर्धवर्तुळे डकवली गेली ती दोन्ही वेळची मोजा.

पुढच्या आठवड्यात एखादे मूल "येत नाही" म्हणाले, तर हेच तीन प्रश्न त्याला एकट्याला, जवळ बसवून, हलक्या आवाजात विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.